इंजिनाखालचं लाकूड

इंजिन सोडवायला पान्हा लावला, तर बोल्ट फिरतच राहिला. गंजलेला बोल्ट हलत नाही म्हणून माणूस कावतो. हा न कुरकुरता गोल फिरत होता आणि वर यायचं नाव घेत नव्हता. मिस्त्रीकाकांनी पान्हा बाजूला ठेवला, दोन बोटांनी बोल्टचं डोकं धरलं आणि उचललं. आख्खा चार इंची बोल्ट हातात आला, आट्यांमध्ये काळपट ओला भुगा भरलेला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि माझ्यापुढे धरला.

"वास घ्या भाऊ. टेकोड्याचा हाये का नाई?"

होता. पावसाळ्यात वारुळावर टेकोडे, म्हणजे अळंबी, उगवतात, त्यांना जो मातकट, गोडसर वास असतो तोच.

बोट सतरा फुटी जेट बोट. फायबरची, जुनी, एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून माझ्या मित्रानं उचललेली. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती फेब्रुवारीत आली. मित्राचा बेत असा की, इंजिन दुरुस्त करायचं, रंग मारायचा आणि उन्हाळा संपायच्या आत रामटेकजवळच्या खिंडसी तलावात उतरवायची. तो बोल्ट हातात आल्यावर बेत तिथंच संपला. मी त्याच्याबरोबर नुसता पाहुणा म्हणून गेलो होतो. पुढचे चार महिने सुट्टीच्या दिवशी मदतनीस झालो.

जेट बोट म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण विमानाच्या जेटशी तिचा संबंध नाही. या बोटीला खाली पंखा नसतो. तळालाच जाळी लावलेलं तोंड असतं. त्यातून आतला पंप पाणी ओढतो आणि मागच्या नळीतून जोरानं फेकतो. त्या फेकीनं बोट पुढे जाते, आणि नळीचं तोंड डावी-उजवीकडे वळवलं की बोट वळते. म्हणजे वेग बंद केला की सुकाणूही गेलं! नवशिके घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात आणि सरळ काठावर जाऊन आदळतात. ही युक्ती न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन नावाच्या मेंढपाळ-इंजिनीअरनं १९५०च्या दशकात कामाची करून दाखवली. त्याच्या भागातल्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या. पंखा लावलेली बोट तिथं चालेचना. १९७७ साली एडमंड हिलरी अशाच तीन जेट बोटी घेऊन गंगासागरपासून गंगेच्या उगमाकडे निघाले होते. 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया' अशी त्या बोटींची नावं. नंदप्रयागजवळ धबधबा आडवा आला तेव्हा कुठं त्या थांबल्या. उन्हाळ्यातली आपली कन्हान किंवा वैनगंगा बघितली, त्या वाळूवरून डोंगा ढकलत नेणारे ढीवर बघितले, की वाटतं, हॅमिल्टन इकडे जन्मला असता तरी त्यानं हेच केलं असतं.

पण पंप असो की पंखा, इंजिनाला बसायला जागा लागते. फायबरच्या बोटीचा तळ जेमतेम दोन-अडीच सुताचा. एकटा तो पापडासारखा लवेल. म्हणून आतून नाकापासून मागच्या फळीपर्यंत लाकडाचे दोन लांब वासे बसवतात. त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या, वर प्लायची जमीन, मागं ट्रान्सम नावाची जाड फळी. सगळ्यावर फायबरचं कातडं. जेट बोटीत याच दोन वाशांवर इंजिन बसतं आणि तिथूनच दांडा सरळ पंपात जातो. वासा दोन सूत दबला, तर दांडा वाकडा, बेअरिंग गरम आणि पाच मिनिटांत सगळी बोट थरथरायला लागते. आधीच्या मालकानं म्हणे दोनदा बेअरिंग बदलून पाहिलं होतं.

आता खरी गंमत अशी की, हे लाकूड तळ्याच्या पाण्यानं सडलं नव्हतं. बोट कितीतरी वर्षं पाण्याबाहेर, ताडपत्रीखाली उभी होती. कुणीतरी कधी तरी माशांच्या पेटीसाठी जमिनीत चार स्क्रू मारले, नंतर ते काढले आणि भोकं तशीच सोडली. ताडपत्री मधोमध झोळ धरून होती, तिथं दर पावसाळ्यात पाणी साचायचं आणि थेंब-थेंब त्या भोकांतून खाली जायचं. वरून फायबर, खालून फायबर. आत गेलेलं पाणी वाळणार कुठून? बुरशीला हेच हवं असतं: ओल, थोडी हवा आणि आपल्याकडची ऊब. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात लाकूड बुरशीनं सहसा इतकं सडत नाही, मीठ तिला मानवत नाही. पावसाचं गोड पाणी मात्र तिला अमृत. म्हणजे मालवणच्या होडीपेक्षा नागपुरात जमिनीवर उभ्या असलेल्या बोटीला सडायचा धोका जास्त.

कटरनं जमीन कापली तेव्हा खाली पिवळा फोम दिसला. बोट बुडू नये म्हणून भरलेला. कोरडा असताना घनफुटाला एखादा किलो भरावा असा. आम्ही काढलेला तुकडा दोन्ही हातांनी उचलावा लागला. पिळला तर तपकिरी पाणी. तरंगायला भरलेल्या वस्तूनंच बोट जड केली होती.

वासे काढायच्या आधी काकांनी मित्राला थांबवलं. तो हातात छिन्नी घेऊन तयारच होता. "हाडं काढल्यावर मांस कोन्या आकाराचं राहीन?" त्यांनी विचारलं. मग दोन दिवस फक्त आधार देण्यात गेले. बोटीखाली सहा ठिकाणी तळाच्या वळणासारख्या कापलेल्या प्लायच्या खुर्च्या, त्यावर जुन्या गालिच्याचे तुकडे. वर कडेपासून कडेपर्यंत तीन आडव्या पट्ट्या, मधून नाकापासून मागं ताणलेली दोरी. त्या दोरीपासून ओळंबा सोडून प्रत्येक फुटावर वाशाची उंची मोजली आणि कडेच्या पट्टीवर पेन्सिलीनं लिहिली. इंजिनाच्या भोकांची जागा पत्र्यावर उतरवून घेतली. हे सगळं झालं तेव्हा काम सुरूसुद्धा झालं नाही असं मित्राला वाटत होतं. माझ्या मते अर्धं काम त्या दोन दिवसांतच झालं. एकदा वासा काढला की तो कुठं होता हे सांगणारं बोटीत काहीच उरत नाही.

मग फायबरचं कातडं तळापासून तीन बोटं वर ठेवून कापलं आणि पटाशीनं लाकूड खरवडलं. नाकाकडचे दोन फूट चांगले, खणखणीत. इंजिनाखाली मात्र पटाशी लागलीच नाही. काका चक्क चमच्यानं काढत होते. नंतर ग्राइंडर. काचेची धूळ काय असते ते ज्याला लागली त्यालाच ठाऊक. पूर्ण बाह्यांचा सदरा, गॉगल, फिल्टरचा मास्क असूनही मनगटाला आणि मानेला रात्रभर टोचत राहायची. फायबरचं काम करणारा पोरगा हसला. "गरम पाण्यानं आंघोळ करू नका सर. आधी थंड पाणी." त्याचा मूळ धंदा कूलरच्या फायबर बॉड्यांचा, म्हणजे नागपुरात कधी न मरणारा.

आता लाकूड कोणतं?

काकांचं उत्तर ठरलेलं होतं: साग. आणि नागपुरात राहून त्यांना दोष कसा द्यायचा? इथं आख्ख्या एका वस्तीचं नाव लकडगंज आहे. नव्या संसद भवनातला साग नागपूरहून गेला, आणि २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून साग निघाला तेव्हा त्याची मिरवणूक निघाली. काकांनी मला मुंबईच्या गोदीतल्या जुन्या सागवानी जहाजांचंही सांगितलं, आणि ते खोटं नाही. वाडियांच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं 'ट्रिंकोमली' अजून इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर आहे. तो मलबारी साग, आपला नव्हे, पण साग तो सागच.

लकडगंजातल्या आरा मशीनवरून दोन फुटी सागाचा तुकडा आणला. शेजारच्या दुकानातून मरीन प्लायचा एक कापलेला तुकडा, आयएस ७१० छापलेला. त्या छाप्याचा अर्थ असा की, बहात्तर तास पाण्यात उकळूनही त्याचे थर सुटता कामा नयेत. मग प्रयोग केला. सागाचे दोन तुकडे कूलरवाल्याच्या नेहमीच्या पॉलिएस्टर रेझिननं चिकटवले, दोन इपॉक्सीनं. प्लायचेही तसेच. सकाळी पटाशी घालून फोडले.

पॉलिएस्टरनं जोडलेला साग हातानंच सुटला. मधलं रेझिन अजून चिकचिकत होतं. सागातलं तेल त्याला सुकूच देत नाही. प्लायवरचं पॉलिएस्टर निघालं, पण वरचा पातळ पापुद्रा घेऊन. इपॉक्सी लावलेला साग काही ठिकाणी घट्ट, काही ठिकाणी काच पुसल्यासारखा स्वच्छ सुटलेला. आणि इपॉक्सी लावलेला प्लाय सांध्यात फुटलाच नाही, शेजारचं लाकूडच उभं चिरत गेलं. काका बराच वेळ ते तुकडे उलटसुलट करत बसले.

"साग सडला नसता," ते म्हणाले.

खरं होतं ते. पण इथं लाकूड नुसतं न सडून भागत नाही, त्यानं फायबरला धरून ठेवायला हवं. जहाजातल्या सागाला खिळे-बोल्ट धरून ठेवतात; इथं सगळा भार डिंकावर. ज्या तेलामुळे साग टिकतो तेच तेल आड येतं. पुसून, घासून, नशिबावर सोडून साग वापरणारे असतीलही. आम्ही प्लाय घेतला.

प्लायचा ताव आठ फुटी, वासा अकरा फुटी. जोड द्यायचा तर टोकाला टोक लावून चालत नाही. १९ मिलिमीटर जाडीला सहा इंच, म्हणजे एकास आठ असा उतार दोन्ही टोकांना रंध्यानं काढायचा आणि उतारावर उतार चिकटवायचा. काकांनी चार ताव पायरी-पायरीनं मागं सरकवून एकदम रंधले. प्लायच्या थरांच्या रेघा सरळ, समांतर दिसायला लागल्या की उतार बरोबर. रेघ वाकली की रंधा चुकला. गुण्या लावायचीही गरज नाही. मग दोन-दोन थर एकमेकांना, सांध्यावर सांधा येणार नाही असे, विटांच्या रद्द्यासारखे.

इथं आमचं आणि कूलरवाल्या पोराचं भांडण जुंपलं. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर झाकणाच्या मापानं घालायची त्याला सवय. ऊन जास्त असलं की कमी, घाई असली की जास्त. इपॉक्सीला हे चालत नाही. तिथं हार्डनर म्हणजे निम्मा जोडीदार; जास्त घातला तर लवकर सुकत नाही, उलट कायमचा लिबलिबीत राहतो. पहिल्या दिवशी त्यानं दोन चमचे वरून घातलेच. ती पट्टी आम्ही तीन दिवसांनी खरवडून काढली. मग इतवारीतून सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा आणला आणि प्रत्येक घाणा मोजूनच झाला.

एप्रिलच्या मध्यावर शेडमध्ये दुपारी उभं राहवत नव्हतं. डब्यात कालवलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेनं तापतं. खोल डब्यात ठेवलं तर दहा मिनिटांत धूर. म्हणून ते कालवलं की लगेच पसरट थाळीत ओतायचं. काम पहाटे पाचला सुरू, नऊला बंद. शेडमधला कूलर मी पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावला, कारण ओल्या हवेनं इपॉक्सीवर मेणचट साय धरते आणि पुढचा थर तिच्यावर बसत नाही. माझ्यावर सगळे चिडले. नागपुरात एप्रिलमध्ये कूलर बंद करायला सांगणाऱ्यावर चिडलंच पाहिजे.

वासा जागेवर बसवताना तो तळावर कोरडा टेकवत नाहीत. टेकला त्या ठिकाणी तळाला टोचत राहतो आणि बाहेरून तडा दिसायला लागतो. म्हणून खाली पिठासारखं घट्ट केलेलं इपॉक्सी, त्यात वासा दोरीच्या मापानं दाबायचा, बाहेर आलेल्या मालाची कडेनं चमच्याच्या पाठीनं गोलाई काढायची. त्या गोलाईवर काचेचं कापड: पहिला पट्टा अरुंद, त्यावरचा रुंद, त्यावरचा आणखी रुंद, म्हणजे भार एका रेघेवर न येता पसरतो. पाणी वाहून जायला प्रत्येक आडव्या पट्टीत खाली पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून भोक ठेवलं, लाकूड कुठंही उघडं न ठेवता.

इंजिनाच्या बोल्टांची भोकं आधी दुप्पट मोठी पाडली, इपॉक्सीनं गच्च भरली आणि सुकल्यावर त्याच्या मधोमध पुन्हा खऱ्या मापाची पाडली. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. आधीच्या कारागिरानं हे एवढं केलं असतं तर आमचे चार महिने वाचले असते. पण त्याच्यावर कोण कशाला रागावेल. कारखान्यातच कित्येक बोटींत असं केलेलं नसतं.

नवतपा संपता-संपता इंजिन खाली उतरवलं. कपलिंगच्या दोन चकत्यांमध्ये चारही बाजूंनी फीलर गेज घालून, खाली पत्र्याच्या चकत्या सरकवत, काकांनी आख्खी सकाळ घालवली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बोट पाण्यात गेली. तासाभरानं जमिनीतलं झाकण उघडून मी हात खाली घातला. वाशाच्या कडेनं बोट फिरवलं. कोरडं.

त्या सागातला उरलेला तुकडा काकांनी कुणाला दिला नाही. चढताना धरायला त्याचा दांडा केला. तो बोल्टानं बसवला आहे.

बोट आता शेडमध्ये उभी आहे. नाक वर, मागचं बूच काढलेलं, ताडपत्री मधून बांबूवर उचललेली.