भंडाऱ्याचें पितळकाम : नांव, काम आणि अक्षर

(१)

जुने कागद, पोथ्या, नाणीं व शिलालेख हीं इतिहासाचीं साधनें होत, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ज्या गांवांत एखादा हस्तव्यवसाय अनेक पिढ्या चालत आला आहे, त्या गांवची आळी हीदेखील एक प्रकारची पोथीच असून ती पायीं हिंडून वाचतां येते, ही गोष्ट आपल्याकडे अद्याप पुरती मान्य झालेली नाहीं. प्रस्तुत लेखांत भंडारा शहर, मोहाडी व आंधळगांव, आणि पवनी अशीं भंडारा जिल्ह्यांतील ठिकाणें घेतलीं आहेत. तेथें संशोधकानें काय पाहावें, कोणास विचारावें, आणि जें दिसेल त्यावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, एवढाच विचार आम्ही करणार आहों.

अशा पाहणीची रीत जपान देशांत चांगली रुळली आहे. तेथील ताकाओका हें शहर पितळ, कांसें व तांबें यांच्या ओतकामाबद्दल प्रसिद्ध आहे. इ. स. १६०९ मध्यें तेथें किल्ला बांधणारा सरदार माएदा तोशिनागा यानें १६११ सालीं सात ओतारी आणून त्यांस कानाया-माची या आळींत वसविलें. आज प्रवासी वाटाड्यासह त्या आळींतून हिंडतात, लांकडी जाळीच्या दर्शनी भागाचीं घरें पाहतात व ओतकाम समजून घेतात. सन १९७५ मध्यें जपानी सरकारनें या कामास पारंपरिक हस्तव्यवसाय म्हणून मान्यता दिली. आमच्या दृष्टीनें यांतील महत्त्वाची गोष्ट ही कीं, ताकाओकाच्या वाटाड्यास व्यवसायाचा आरंभ सालासह सांगतां येतो. भंडाऱ्याच्या वाटाड्यास तो कशाच्या आधारानें सांगतां येईल, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

(२)

भंडाऱ्यांत पाऊल टाकतांच जी पहिली गोष्ट कानीं पडते ती नांवाची. ‘भाणें’ म्हणजे पितळी थाळी. ती येथें घडत असे, म्हणून गांवास हें नांव पडलें, असें सांगण्यांत येतें. इंग्रजी गॅझेटियरकारांनींही हीच व्युत्पत्ति नमूद केली आहे. ती भाषादृष्ट्या अशक्य नाहीं. संस्कृत ‘भाजन’ शब्दाचें प्राकृतांत ‘भाअण’ व ‘भाण’ होतें आणि त्यावरून मराठी ‘भाणें’ सिद्ध होतें. दुसरी कल्पना अशी कीं, ‘भाण्डागार’ शब्दावरून भांडार व पुढें भंडारा झालें.

या वादांत एक दगडी साक्षीदार आहे. रतनपूर येथील कलचुरि राजा पहिला जाजल्लदेव याचा शिलालेख कलचुरि संवत् ८६६, म्हणजे इ. स. १११४ मधील आहे. त्या राजास वार्षिक करभार देणाऱ्या मंडलांची यादी त्यांत आली असून वैरागर व लांजिका यांच्या जोडीनें ‘भाणार’ हें नांव तींत आहे. वैरागर म्हणजे सध्यांच्या गडचिरोली जिल्ह्यांतील वैरागड, लांजिका म्हणजे बालाघाट जिल्ह्यांतील लांजी, आणि भाणार म्हणजे भंडारा, अशी ओळख विद्वानांनीं पटविली आहे. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं १९५५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या कलचुरि लेखसंग्रहांत हा लेख पुन्हां संपादिला आहे.

लेखांतील रूपांत ‘ड’ नाहीं, ही गोष्ट ‘भाण्डागार’ या कल्पनेस बाधक व ‘भाण’ या कल्पनेस साधक आहे. परंतु येथेंच थांबलें पाहिजे. या लेखावरून बाराव्या शतकाच्या आरंभीं भाणार नांवाचें स्थळ होतें व तें एका मंडलाचें मुख्य ठिकाण होतें, इतकेंच सिद्ध होतें. तेथें त्या वेळीं पितळेच्या थाळ्या घडत होत्या, हें सिद्ध होत नाहीं. नांवावरून व्यवसायाचा काळ ठरविणें किती धोक्याचें आहे, हें पुन्हां जपानच्याच उदाहरणानें दिसून येईल. क्योतो शहरांतील निशिजिन हा भाग रेशमी विणकामाशीं इतका एकजीव झाला आहे कीं, तेथील वस्त्रासही तेंच नांव आहे. पण निशिजिन या शब्दाचा अर्थ ‘पश्चिमेची छावणी’ असा असून, १४६७ ते १४७७ या काळांतील ओनिन युद्धांत एका पक्षाची छावणी तेथें होती, म्हणून तें नांव पडलें. विणकरांचा व त्या नांवाचा मुळांत कांहीं संबंध नाहीं.

(३)

नांव इतकें मर्यादित सांगतें. आतां काम काय सांगतें तें पाहूं. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्र धातु. अमरकोशांत तीस ‘रीति’ व ‘आरकूट’ अशीं नांवें असून कौटिल्यासही आरकूट हा शब्द ठाऊक आहे. पितळेचें भांडें घडविणारा पूर्वीं बहुधा ‘मोड’ घेऊन काम सुरूं करी. मोड म्हणजे फुटकीं व जुनीं भांडीं. तीं मुशींत घालून, भात्यानें भट्टी फुलवून वितळवावीं, रस सांच्यांत ओतावा व त्याची जाड चकती ठोकून पत्रा करावा, असा क्रम असे. ठोकतां ठोकतां धातु कठीण होऊन चिरूं लागतो, म्हणून मधून मधून तो तापवून मऊ करावा लागतो. गुंड किंवा घागर यांसारखें पोटाचें भांडें एका पत्र्यांतून सहसा निघत नाहीं. त्याचे भाग वेगळे घडवून टाकणखाराच्या साह्यानें डाग देऊन जोडतात. नंतर गोल तोंडाच्या हातोडीनें सारखे ठोके घालीत अंग बसवितात, यास मठारणें म्हणतात. या ठोक्यांनीं शोभा येते व पत्र्यास ताठपणाही येतो. शेवटीं चरकावर धरून भांडें खरवडतात व उजळतात. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं गिरणींत लाटलेला पत्राच आणतात, त्यामुळें या क्रमांतील पहिल्या पायऱ्या दिसेनाशा होत चालल्या आहेत.

हें सर्व डोळ्यांनीं पाहिल्याचा लाभ ग्रंथवाचनासही होतो. रसरत्नसमुच्चय या ग्रंथांत पितळेचे रीतिका व काकतुण्डी असे दोन भेद सांगितले आहेत. तापवून आंबट कांजींत बुडविली असतां जी तांब्याच्या वर्णाची होते ती रीतिका व जी काळी पडते ती काकतुण्डी, अशी त्यांची ओळख दिली आहे. आम्हीं कित्येक वर्षें संस्कृत शिकविलें, व असल्या स्थळीं विद्यार्थ्यांस शब्दार्थ सांगून आम्ही पुढें जात असूं. परंतु तापलेला पत्रा आंबट पाण्यांत पडून त्याचा वर्ण पालटतो, हें कारागिराच्या ओट्यावर पाहिलें म्हणजे ही परीक्षा ग्रंथकारानें केवळ कल्पनेनें लिहिलेली नसून भट्टीजवळून उचललेली आहे, हें ध्यानांत येतें.

(४)

यापुढील गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष महत्त्वाची वाटेल. आपल्याकडे भांड्यावर नांव घालण्याची चाल आहे. बारीक छिन्नीच्या टोकानें टिंबांच्या रांगेंत, गळ्याखालीं किंवा कांठावर, मालकाचें नांव, गांव, कधीं लग्नाचें वा व्रताचें निमित्त, कधीं शक व मिति घातलेली असते. लिपि बालबोध किंवा मोडी असते. ज्या सासुरवाशिणीचें नांव सरकारी दप्तरांत वा सावकाराच्या वहींत सहसा यावयाचें नाहीं, तें तिच्या आंदणांतील गुंडावर असतें. हे लहान ताम्रपटच होत. दानपत्रांत जशी दाता, प्रतिग्राही, स्थळ व तिथि हीं अंगें असतात, तशींच तीं येथेंही संक्षेपानें असतात.

पण हे ताम्रपट वजनावर विकले जातात. स्टेनलेस पोलादाचीं भांडीं घरोघर आल्यापासून पितळी भांडीं माळ्यावर गेलीं व माळ्यावरून मोडींत जाऊं लागलीं. भट्टीस अक्षर कळत नाहीं. आमच्या त्रैमासिकांतून एका पोथीच्या पाठभेदावर दहा दहा पृष्ठें खर्च होतात. तेवढ्याच काळांत तांबटआळींत तारखेसह लिहिलेलीं अनेक भांडीं वितळून जाऊं शकतात.

अर्थात् या अक्षरांचेंही प्रमाण जपून घेतलें पाहिजे. भांड्यावरील नांव बहुधा मालकाचें असतें, कारागिराचें नसतें. भांडें दुसऱ्या गांवीं घडून येथें आलेलें असूं शकतें. आणि नांव मागाहूनही घातलें जातें. म्हणून घातलेल्या सालाहून भांडें अर्वाचीन नाहीं, इतकाच निष्कर्ष निश्चित होय. मात्र एकाच घडणीचीं, एकाच जातीच्या जोडाचीं व भोंवतालच्या गांवांचीं नांवें असलेलीं पुष्कळ भांडीं मिळालीं, म्हणजे घडणीचें स्थळ व काळ यांविषयीं अनुमानास बळकटी येते.

(५)

पितळकामानंतर मोहाडी व आंधळगांव येथील कोशाचें विणकाम पाहावें. तेथेंही शब्द व काम एकमेकांचा अर्थ लावितात. ऐन व अर्जुन या झाडांवर कोशाचे किडे वाढवितात. या प्रांतीं हें काम मुख्यतः ढीवर मंडळी करितात. कोश क्षाराच्या पाण्यांत शिजवून धागा काढतात. तो मांडीवर वळण्याची रीत जुनी आहे. मग कोष्टी तो मागावर चढवितात. पाणिनीनें ‘कोश’ शब्दावरून ‘कौशेय’ साधण्यास स्वतंत्र सूत्र केलें आहे. आणि कौटिल्य ‘पत्त्रोर्ण’ नांवाच्या वस्त्राविषयीं सांगतांना झाडागणिक त्याचा रंग वेगळा सांगतो, त्यांत एक गव्हाच्या वर्णाचा आहे. न रंगविलेला कोसा हातीं घेतल्यावर या विशेषणाचें निराळें स्पष्टीकरण लागत नाहीं.

येथील प्रसिद्ध लुगडें करवतकांठी. कांठाचा रंग अंगाच्या रंगांत करवतीच्या दांत्यांप्रमाणें शिरतो, म्हणून हें नांव. त्यासाठीं तीन धोटे लागतात. दोन कांठांचे व एक अंगाचा. जेथें त्यांचे बाणे भेटतात तेथें ते एकमेकांत अडकवून परत फिरवावे लागतात. म्हणजे येथें नांव खरोखरच रूपाचें वर्णन करितें. भाणार या नांवाबद्दल जी शंका राहते ती येथें उरत नाहीं, कारण नांव व काम दोन्ही एकाच वस्तूंत डोळ्यांसमोर आहेत.

(६)

शेवटीं वैनगंगेच्या कांठच्या पवनीस जावें. १९६९-७० मध्यें शां. भा. देव व जगत्पति जोशी यांच्या नेतृत्वाखालीं तेथील जगन्नाथ टेकडीचें उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूप उघडकीस आला. सांची व भारहूत येथल्याप्रमाणें या स्तूपाच्या दगडी कठड्यावरही दात्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. ज्यानें खांब दिला त्यानें खांबावर नांव घालविलें. पवनीच्या खांबावरील नांव आणि भंडाऱ्याच्या घागरीवरील नांव यांत सुमारें दोन सहस्र वर्षांचें अंतर असलें, तरी हेतु एकच आहे : वस्तु राहील तोंवर देणाऱ्याचें किंवा बाळगणाऱ्याचें नांव राहावें. एकास पुरातत्त्व म्हणावयाचें व दुसऱ्यास मोड म्हणावयाचें, हा भेद केवळ वयाचा आहे.

(७)

तेव्हां भंडाऱ्याच्या पितळकामाचा काळ ठरवावयाचा तर नांवाच्या व्युत्पत्तीवर आणखी वाद घालण्यापेक्षां पुढील उद्योग अधिक फलदायी होईल. पहिलें, भांडें मोडींत देण्यापूर्वीं त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिलीनें घासावें व अक्षरांचा ठसा घ्यावा. ठसा घेण्याआधीं चिंचेनें घासूं नये, कारण झिजलेलीं टिंबें त्यानें आणखी पुसटतात. दुसरें, ठशाखालीं भांड्याचें स्थानिक नांव, वजन, उंची व जोड कोठें आहे तें टिपावें. तिसरें, कारागिराचे शब्द तो उच्चारतो तसेच लिहावे, त्यांस संस्कृताचा वेष चढवूं नये. चौथें, व्यापाऱ्यांच्या जुन्या मोडी वह्या पाहाव्या. नागपूरकर भोंसल्यांचें राज्य १८५४ मध्यें खालसा झालें. त्यापूर्वींच्या वह्यांत तांबें, जस्त, मोड व मजुरी यांचे जमाखर्च सांपडल्यास ते व्यवसायाचा प्रत्यक्ष पुरावा होतील.

या कामीं वाटाड्या कोण असावा, हेंही सांगितलें पाहिजे. इतिहास जाणणारा मनुष्य बरोबर असावा. पण पुढें चालणारा आळींतील वृद्ध कारागीरच असावा. जपानांत १९५० च्या सांस्कृतिक संपत्ति संरक्षणाच्या कायद्यानें वस्तूप्रमाणेंच वस्तु घडविण्याच्या कौशल्यासही संपत्ति मानलें आहे. आपण निदान इतकें मानावें कीं, जो मनुष्य जोड पाहून भांडें कोणत्या घडणीचें तें सांगतो, तोही एक जाणता टीकाकार आहे आणि त्याची टीका अद्याप कागदावर उतरलेली नाहीं.

ज्या संग्राहकांच्या घरीं माळ्यावर पितळी भांडीं असतील, त्यांनीं प्रथम तीं खालीं काढून त्यांच्या गळ्याखालील अक्षरें वाचावीं, आणि तारीख मिळाल्यास ठशासह मंडळाकडे पाठवावी, अशी आमची विनंति आहे.