उदबत्तीचा धूर आणि फळीतली चीर

मी पायानं भाता मारत होतो आणि मिस्त्रीकाका पेटती उदबत्ती ऑर्गनच्या पोटातल्या फळीजवळून सावकाश सरकवत होते. एका जागी सरळ वर जाणारा धूर वाकला आणि फळीत शिरला. ‘ही बघा, सापडली,’ काका म्हणाले. वीतभर लांब चीर, पण नखाला लागणारही नाही इतकी बारीक.

आमच्या नाट्यमंडळाचा हा ऑर्गन अमेरिकेतल्या एस्टी कंपनीचा. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, सुरांच्या, म्हणजे आवाज देणाऱ्या पितळी जिभांच्या, दोन रांगा. हातपेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो. याचा भाता ती आत ओढतो. त्यामुळे फळीला चीर गेली की हवा सुरांतून यायची ती चिरेतूनच आत येते. भाता कितीही मारला तरी आवाज भरत नाही, मंद्रातले सूर तर घरघरायला लागतात.

फळी फुटली ती आधीच्या दुरुस्तीमुळे. कुणीतरी पांढरा गोंद भरून वर लोखंडी स्क्रू आवळले होते. लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. स्क्रूनं जखडल्यामुळे त्याला हलता येईना, आणि ते जुन्या सांध्याच्या शेजारी तडकलं. तो गोंद पटाशीनं खरवडण्यातच काकांचे दोन दिवस गेले.

मग त्यांनी तशाच मऊ लाकडाची पाचर काढली, कागदासारखी पातळ, रेषा फळीच्या रेषांना जुळवून. सरस गरम करून ती चिरेत बसवली आणि रात्रभर शिकंज्यात धरली. मी विचारलं, ‘सरसच का?’ ‘उद्या कुणाला उघडावंसं वाटलं तर गरम पाण्याच्या फडक्यानं सुटतो,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सूर लावायला घेतले. आकड्यानं एकेक सूर ओढून काढायचा, पितळी जिभेवरची धूळ झटकायची. जीभ टोकाला किंचित घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. काका दोनदा कानस फिरवत आणि दहादा ऐकत. घासलेलं पितळ परत येत नाही.

एस्टीचा कारखाना १९६० साली बंद झाला. तिथून आता सुटा भाग मिळायचा नाही. तुमच्या मंडळात किंवा देवळात असा ऑर्गन पडून असेल, तर दुरुस्तीला देण्याआधी एवढंच विचारा: सांधा कशानं जोडणार? उत्तर सरस नसेल, तर ऑर्गन उघडू देऊ नका.