तबल्याची सोळा घरं आणि एक जुनं कार्ड

समजा, एका जुन्या सर्व्हरच्या पोटात क्यूएलए-२१०० नावाचं कार्ड आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धातलं, क्यूलॉजिक कंपनीचं. इकडे सर्व्हर, तिकडे डिस्कांनी भरलेलं कपाट, मध्ये फायबर चॅनलची केबल आणि तिच्यातून सेकंदाला सुमारे १ गिगाबिट वेगाने धावणारी माहिती. कार्डासोबतची सीडी केव्हाच गहाळ झालीय. तुम्ही लिनक्स सुरू करता आणि कपाटातल्या डिस्क एकेक करून पडद्यावर हजर! या संगणकाला त्या कार्डाची भाषा शिकवली कोणी?

सुरुवात फक्त दोन आकड्यांनी होते. सर्व्हर प्रत्येक स्लॉटला विचारतो, ‘कोण आहेस?’ कार्ड उत्तरतं, ‘१०७७, २१००.’ पहिला आकडा कंपनीचा, दुसरा चिपचा. लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, प्रत्येक ड्रायव्हरने (कार्डाशी बोलणाऱ्या प्रोग्रामने) आधीच यादी देऊन ठेवलेली असते, की हे आकडे दिसले तर मला उठवा. आकडे जुळतात आणि जागा होतो क्यूएलए२एक्सएक्सएक्स. २१००, २२००, २३०० असं पुढे जे काही येईल, त्यासाठी तीन जागा नावातच मोकळ्या सोडल्यात!

आता खरी भेट. ड्रायव्हर चिपला रीसेट करतो. चिपवर ‘मेलबॉक्स’ नावाचे छोटे कप्पे असतात, प्रत्येकात १६ बिट. रीसेटनंतर त्यांत डोकावलं तर तिथे एक आकडा तयार असतो. तो अक्षरांत वाचून बघा: ‘आय’ आणि ‘एस’. आयएसपी हे या चिपच्या कुळाचं नाव, त्याची ही पहिली दोन अक्षरं. शुद्धीवर येताच चिप स्वतःचं नाव पुटपुटते!

पण नाव सांगितलं म्हणून लगेच विश्वास ठेवायचा? ड्रायव्हर कप्प्यांतून एक नक्षी पाठवतो: एक-शून्य-एक-शून्य, अशी सोळा बिटांची. सोबत तिची नेमकी उलटी: शून्य-एक-शून्य-एक. मग आणखी काही. चिपने सगळ्या जशाच्या तशा परत करायच्या. असल्याच नक्ष्या का? कारण या जोडीत प्रत्येक बिट एकदा एक होतो, एकदा शून्य. एखादा बिट एकाच बाजूला अडकला असेल, किंवा दोन शेजारी एकमेकांत मिसळले असतील, तर ते इथे पकडलं जाऊ शकतं. मैफिलीआधी तबलजी हातोडी घेऊन घर न् घर तपासतो, तसंच हे. आणि तबल्याला घरं किती? सोळाच! हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो.

पुढचं नवल त्याहून मोठं. इतकं होऊनही या पिढीच्या चिपला आपलं काम येतच नसतं. फायबर चॅनलवर बोलायचं कसं, हा सगळा प्रोग्राम ड्रायव्हर तिच्या मेमरीत ओततो. वीज गेली की चिप सगळं विसरते. पुन्हा सुरू केलं की पुन्हा पहिल्यापासून शिकवणी, दर वेळी, न कंटाळता.

मग काम सुरू होतं ते रहाटासारखं. संगणकाच्या मेमरीत मागण्यांचं एक चक्र असतं. २१०० साठी त्यात १२८ पोहरे, प्रत्येकात ६४ बाइट. ड्रायव्हर पोहरा भरतो आणि खूण पुढे सरकवतो. चिप तो स्वतः उचलते, मुख्य प्रोसेसरला हातही लावावा लागत नाही. उत्तरं दुसऱ्या चक्रातून परततात.

हे सगळं मला कसं कळलं? ते ड्रायव्हरच्या कोडमध्ये लिहिलेलं आहे, आणि कोणीही तो उघडून वाचू शकतं! क्यूलॉजिक २०१६ मध्ये कॅव्हियमने घेतली, कॅव्हियम २०१८ मध्ये मार्व्हेलने. दारावरच्या पाट्या बदलल्या, १०७७ मात्र तसाच राहिला. लिनक्सबाहेरही या चिपना घर मिळालं. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात मूळ नेटबीएसडीसाठी लिहिलेला आयएसपी ड्रायव्हर पुढे फ्रीबीएसडीतही पोचला.

आणि क्यूएलए२एक्सएक्सएक्स? ३२ गिगाबिटची कार्डं आली तीही त्याच्याच यादीत. इतक्या वेगळ्या पिढ्या एका ड्रायव्हरला झेपतात कशा? रीसेट करणं, प्रोग्राम भरणं, मागणी पाठवणं अशा कामांचा एक तक्ता असतो आणि प्रत्येक पिढीला तो तिच्या पद्धतीने भरून मिळतो. वरच्या कोडने फक्त ‘रीसेट कर’ म्हणायचं. कसं, ते तक्ता बघून घेतो.

या ड्रायव्हरच्या कोडमध्ये मला सर्वांत हेलावून टाकतात ते तीन साधे आकडे. मेलबॉक्सचे कप्पे २३०० मध्ये ३२, २२०० मध्ये २४. आणि २१०० समोर आली, तर कोड थांबून मोजून घेतो: हिचे फक्त ८.