विश्लेषण : घरच्या घरी स्क्रीन प्रिंटिंग… पहिलीच स्क्रीन का बिघडते?

गणेशोत्सव मंडळाचे टी-शर्ट, लग्नपत्रिका आणि दुकानाची कापडी पिशवी या तिन्हींवरची छपाई अनेकदा एकाच तंत्राने होते. हे तंत्र हौस म्हणून घरीही शिकता येते. मात्र धुताना पहिली स्क्रीन वाहून गेली, की बरेच जण तिथेच थांबतात. नेमके काय चुकते आणि कोणते रसायन टाळावे, जाणून घेऊ या.

तंत्र काय आहे?

चौकटीवर ताणलेल्या जाळीचा काही भाग बंद करायचा आणि उघड्या भागातून रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, शाई खाली दाबायची. प्रत्येक रंगासाठी वेगळी स्क्रीन लागते. इंग्लंडमध्ये सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. पूर्वी जाळी रेशमाची असे, आता ती पॉलिएस्टरची असते.

जाळी कोणती घ्यावी?

जाळीचा नंबर म्हणजे एका सेंटिमीटरमधील धागे. कापडासाठी ४३ नंबर चालतो. काही दुकानांत तो इंचात सांगतात, तेव्हा साधारण ११० मागावा. कागदावरील बारीक अक्षरांसाठी ७७ किंवा त्याहून घट्ट जाळी लागते.

स्क्रीन का बिघडते?

जाळीवर लावलेले इमल्शन अतिनील प्रकाशात घट्ट होते. डिझाइनच्या काळ्या भागाखाली प्रकाश पोहोचत नाही. तिथले इमल्शन पाण्याने निघून जाते आणि जाळी उघडी होते. प्रकाश कमी पडला, तर सगळेच इमल्शन वाहून जाते. जास्त झाला, तर बारीक रेषा उघडतच नाहीत.

दुसरे कारण ओलावा. इमल्शन वरून कोरडे वाटले तरी आत ओलसर असेल, तर नीट घट्ट होत नाही. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, हा त्रास हमखास होतो. अशा वेळी स्क्रीन अंधारात पंख्याखाली जास्त वेळ सुकवावी. तिसरे कारण फिकट पॉझिटिव्ह. प्रकाशासमोर धरल्यावर काळा भाग आरपार दिसत असेल, तर पुन्हा प्रिंट काढावी.

अचूक वेळ कशी शोधायची?

अंदाज बांधू नका, चाचणी घ्या. पॉझिटिव्ह लावलेल्या स्क्रीनवर पुठ्ठा ठेवून फक्त एक पट्टा उघडा सोडा. दर ३० सेकंदांनी पुठ्ठा सरकवून पुढचा पट्टा उघडा. पाच पट्ट्यांपैकी पहिल्याला १५० सेकंद आणि शेवटच्याला ३० सेकंद प्रकाश मिळेल. धुतल्यावर ज्या पट्ट्यात बारीक रेषा उघडल्या आणि बाकीचा थर टिकला, ती तुमची वेळ. पाचही पट्टे वाहून गेले, तर वेळ वाढवून पुन्हा चाचणी घ्या. उन्हाची तीव्रता सतत बदलते. त्यामुळे ठरावीक अंतरावरचा यूव्ही दिवा अधिक भरवशाचा.

कोणते रसायन टाळावे?

काही स्वस्त इमल्शनमध्ये सेन्सिटायझर म्हणून नारिंगी रंगाचे बायक्रोमेट मिसळावे लागते. त्यातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि त्वचेलाही घातक आहे. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये किंवा मुले वावरतात त्या गॅलरीत ते वापरूच नये. त्याऐवजी डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन मागावे. हातमोजे तरीही घालावेत. पाण्यावर आधारित शाई वापरणार असाल, तर पाण्याला टिकणारे इमल्शन घ्यावे.

रसायनाशिवाय सुरुवात शक्य आहे का?

हो. भरतकामाच्या रिंगमध्ये जुना जाळीदार पडदा ताणून बसवा. कागदातून आकार कापून जाळीखाली ठेवा आणि पाण्यावर आधारित कापडी शाई ओढा. कागदी स्टेन्सिल थोड्याच प्रतींपुरते टिकते, पण स्क्वीजीचा कोन आणि हाताचा दाब किती हवा, हे त्यातूनच कळते. छपाई झाल्यावर जाळी लगेच धुवा, कारण शाई वाळली की छिद्रे बुजतात. कापडावरील शाई पूर्ण सुकल्यावर डब्यावरील सूचनेप्रमाणे इस्त्री करा. नाहीतर पहिल्याच धुण्यात रंग जाईल.