आत्मा गहाण ठेवलेल्यांची फळी

सैतानाशी करार ही युरोपीय ख्रिस्ती कथापरंपरेतील जुनी कल्पना आहे. माणूस आपला आत्मा गहाण ठेवतो, त्या बदल्यात ज्ञान, सत्ता किंवा सुख मिळवतो आणि मुदत भरताच सैतान वसुलीला दारात उभा राहतो, एवढाच तिचा सांगाडा. १५८७ मध्ये फ्रँकफुर्ट येथे छापल्या गेलेल्या लोकपुस्तकात डॉक्टर फाउस्ट या विद्वानाला चोवीस वर्षांची मुदत मिळते. पुढे त्याच कथेवर मार्लोने नाटक लिहिले आणि गटेने नाट्यकाव्य रचले, ज्याचा पहिला भाग विंदा करंदीकरांनी मराठीत आणला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कल्पना अमेरिकन कॉमिक्समधील महानायकांच्या वाट्याला आली, तेव्हा मात्र एक अडचण उभी राहिली: फाउस्टची कथा संपवता येते, पण दरमहा खपणाऱ्या अंकाच्या नायकाला नरकात धाडून चालत नाही.

प्रकाशकांनी १९५४ मध्ये स्वतःवर लादून घेतलेल्या ‘कॉमिक्स कोड’ या आचारसंहितेने रक्तपिपासू पिशाच्चे आणि तत्सम भयप्राणी वर्ज्य ठरवले होते. १९७१ मध्ये हे निर्बंध सैल झाले आणि त्याच वर्षी मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने मॉर्बियस हा रक्त पिणारा शास्त्रज्ञ पुढे आणला. पाठोपाठ १९७२ मध्ये गॅरी फ्रेडरिक, रॉय थॉमस आणि माइक प्लूग यांनी ‘घोस्ट रायडर’ घडवला. मोटारसायकलवरच्या कसरती करणारा जॉनी ब्लेझ आपल्या पालनकर्त्याचा, क्रॅश सिम्पसनचा, असाध्य आजार बरा व्हावा म्हणून सैतानाला आत्मा देऊ करतो. आजार बरा होतो, पण क्रॅश लगेचच कसरतीच्या उडीत प्राण गमावतो. सैतानाने करार मोडलेला नसतो, कारण जॉनीने आजारापासून सुटका मागितली होती, आयुष्य नव्हे. रोक्सान या क्रॅशच्या मुलीच्या निर्मळ प्रेमापुढे सैतानाला रिकाम्या हाताने परतावे लागते, तरी शाप उरतोच आणि रात्र पडली की जॉनीच्या चेहऱ्याजागी जळती कवटी येते. पुढील लेखकांनी या सैतानाला मेफिस्टो ठरवले. मार्व्हलच्या जगात १९६८ पासून वावरणाऱ्या या खलनायकाचे नाव फाउस्टकथेतील मेफिस्टोफिलिसवरूनच घेतलेले आहे.

अशा शापितांची एकत्र फळी १९९२ मध्ये ‘मिडनाइट सन्स’ या नावाने उभी राहिली. लिलिथ ही दैत्यांची माता परतल्यावर तिला रोखण्यासाठी जुळवलेल्या या नऊ जणांत डॅनी केच हा नवा घोस्ट रायडर, ब्लेझ, मॉर्बियस, पिशाच्चांची शिकार करणारा ब्लेड, स्वतः पिशाच्च असलेला गुप्तहेर हॅनिबल किंग आणि ड्रॅक्युलाचा वंशज फ्रँक ड्रेक होते. उरलेले तिघे ‘डार्कहोल्ड’ या पापग्रंथाच्या मागावर असलेले. मार्व्हलच्याच कॅप्टन अमेरिका या महानायकाच्या पथकाला ध्येय बांधून ठेवते. इथे मात्र प्रत्येकाच्या डोक्यावर आपापले ओझे असल्यामुळे सगळे एकमेकांना सहन करतात, आणि खरे पाहता हीच या पथकाची सर्वांत पटणारी बाजू आहे.

कराराच्या दृष्टीने या फळीभोवतीच्या मालिकांतली सर्वांत सकस मालिका ‘डार्कहोल्ड’ची. क्थॉन या आदिम दैत्याने लिहिलेल्या ग्रंथाची पाने जगभर विखुरलेली असतात. एक खुजा दैत्य अडलेल्या, चिडलेल्या, हताश माणसाला गाठून त्यातले एक पान पुढे करतो, आणि ते वाचणाऱ्याची इच्छा पुरी होते, पण अशा रीतीने की ती केलीच नसती तर बरे झाले असते. व्हिक्टोरिया मोंतेसी, सॅम ब्युकॅनन आणि लुईस हेस्टिंग्ज हे तिघे त्या पानांमागे धावत राहतात. गिऱ्हाईक सामान्य माणूस आणि सोडवायला धावणारे दुसरेच, अशी मांडणी झाल्यामुळे या मालिकेत सैतानाची वसुली खरोखर पुरी होऊ शकली, आणि मासिकाची अडचणही सुटली.

भारतीय वाचकाला हा खेळ उलट्या बाजूने परिचित आहे. हिरण्यकशिपूने घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही असे वर मागताना शब्दाला शब्द जोडला, तरी वरातील फट शोधली ती देवाने. सैतानी करारात मात्र फट आधीच ठेवलेली असते आणि ती ठेवणारा कागद लिहिणाराच असतो.

कागदावर डाव उलटवणारा नायक डीसी या प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेकडे सापडतो. १९९१ मध्ये गार्थ एनिस यांनी लिहिलेल्या ‘डेंजरस हॅबिट्स’ या ‘हेलब्लेझर’ मालिकेतील कथानकात धूम्रपानामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने मरणपंथाला लागलेला जादूगार जॉन कॉन्स्टंटाइन नरकाच्या आणखी दोन अधिपतींना आपला आत्मा वेगवेगळा विकतो. आधीपासून त्याच्या आत्म्यावर टपून बसलेला तिसरा धरून एकाच गहाणावर तीन सावकार झाले. तो मेला तर तिघांत युद्ध पेटून स्वर्गाचे फावणार, म्हणून त्यांना झक मारून त्याला बरे करावे लागते. हाच लबाड माणूस २०११ मध्ये ‘जस्टिस लीग डार्क’ या जादूगारांच्या पथकात सामील झाला.

‘डार्कहोल्ड’ सोळा अंकांनंतर बंद पडली आणि ‘मिडनाइट सन्स’च्या बाकी कथा आज बऱ्याच गोंगाटाच्या वाटतात, तेव्हा या प्रकारात पहिल्यांदाच शिरणाऱ्या वाचकाने सुरुवात पथकापासून न करता कॉन्स्टंटाइनच्या त्या सहा अंकांपासून करावी.