हातांना आठवते ते…

सुंभ वळणे, जाळ्याची गाठ मारणे, माडाच्या झावळ्या विणणे, दारात रांगोळी घालणे. मालवण किनाऱ्यावरच्या कित्येकांच्या हातांनी ही कामे आयुष्यभर केली. वय झाले, मुले मुंबईला गेली, कोणी वृद्धाश्रमात आले, की ‘आता फक्त आराम करा’ असे प्रेमाने सांगितले जाते आणि हे हात रिकामे होतात. हा रिकामेपणा प्रकृतीला मानवत नाही.

अल्झायमर आजारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाला लवकर इजा होते. त्यामुळे सकाळी काय खाल्ले, तेही आठवत नाही. अंगवळणी पडलेल्या हालचाली मात्र मेंदूच्या इतर भागांत सांभाळल्या जातात आणि तुलनेने अधिक काळ टिकतात. म्हणूनच नातवाचे नाव विसरलेले आजोबा जाळ्याची गाठ बिनचूक मारू शकतात.

पण नुसते काम देऊन भागत नाही. निवडीचा हक्कही द्यावा लागतो. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६मध्ये अमेरिकेतील एका शुश्रूषागृहातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटातील वृद्धांना छोटे निर्णय स्वतः घ्यायला सांगितले आणि सांभाळायला एक रोप दिले. दुसऱ्या गटाची रोपे कर्मचारी सांभाळत. काही आठवड्यांतच पहिला गट अधिक उत्साही दिसला.

आपल्याकडे साधनांची वाण नाही. सावंतवाडीची गंजिफा घ्या. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० गोल पत्ते असतात. पुठ्ठ्याची मोठी चकती कापून त्यावर मत्स्य, कूर्म रंगवता येतात. कोणता अवतार, कोणता रंग, हे आजींनी ठरवावे. रंगवताना दशावतारी नाटकांच्या आठवणी निघतात, शेजारची व्यक्ती बोलती होते.

पथ्ये थोडीच. भरपूर उजेड, ठळक रंग, जाड दांड्याचा कुंचला आणि अर्धा-पाऊण तासाची बैठक. स्मृतिभ्रंश असेल तर सुई, कात्री आणि तोंडात जातील असे मणी दूर ठेवावेत. चूक काढू नये, सक्ती करू नये, विक्रीसाठी राबवून घेऊ नये.

याने आजार बरा होत नाही आणि औषधेही बंद करायची नसतात. मात्र ‘हे मी केले’ असे म्हणण्याची संधी कोणत्याही वयात हवीच असते. ती देण्यासाठी वृद्धाश्रमच हवा असे नाही. घरची पडवीही पुरते.