ग्रंथाधार कसा दाखवावा?

‘यास आधार काय?’ असें वाचकानें विचारावें व लेखकानें संतोषानें सांगावें, ही विद्येच्या व्यवहारांतील जुनी रीत आहे. परंतु आधार दाखविणें म्हणजे केवळ ग्रंथाचें नांव घेणें नव्हे. वाचकास त्या ओळीपाशीं नेऊन पोंचविणें होय.

मागें एका निबंधांत आम्हीं एका ग्रंथकाराचें मत वाचलें. खालीं ग्रंथाचें नांव आणि ‘पृष्ठ ११२’ एवढेंच होतें. आमच्या प्रतींत तें पृष्ठ उघडलें, तों तेथें निराळाच विषय! पुष्कळ शोधाअंतीं तें वाक्य ९७ व्या पृष्ठावर सांपडलें. आणि पुढच्याच वाक्यांत ग्रंथकारानें तें मत खोडून काढिलें होतें. निबंधलेखकाचा हेतु वाईट नसेल. पण आधार अपुरा दिल्यामुळें त्याची चूक इतके दिवस झांकून राहिली.

पृष्ठांक हा आवृत्तीचा असतो, ग्रंथाचा नव्हे. टाइप किंवा कागदाचा आकार बदलला कीं तोही बदलतो. ही अडचण जुन्या मुद्रकांनीं ओळखिली होती. रोबेर एतिएन यांनीं १५५१ सालीं ग्रीक नवा करार छापतांना वचनांस क्रमांक दिले. त्यामुळें कोणत्याही भाषेंतील प्रतींत तेंच वचन सहज काढतां येतें. त्यांचे पुत्र आंरी यांच्या १५७८ च्या प्लेटोच्या आवृत्तींतील पृष्ठांक आजच्या भाषांतरांच्या समासांतही छापितात. गीतेचा ‘अध्याय २, श्लोक ४७’ हाही असाच, प्रत बदलली तरी न ढळणारा पत्ता आहे.

आतां वाचन पडद्यावर होऊं लागल्यापासून ही काळजी अधिकच घ्यावी लागते. अक्षर मोठें केलें कीं पृष्ठें वाढतात. छापील पुस्तकाच्या छायाप्रतींत मुखपृष्ठ व प्रस्तावनाही मोजली जाते. म्हणून छापील ४० वें पृष्ठ पडद्यावर ५२ वें ठरूं शकतें.

यास्तव आमच्या विद्यार्थ्यांनीं ग्रंथकार, ग्रंथ, आवृत्ति व साल लिहावें. प्रकरण किंवा कलम सांगावें. छापील पृष्ठांक व पडद्यावरील क्रमांक वेगवेगळे द्यावे. दुवा द्यावयाचा तर संकेतस्थळाच्या दारापर्यंतचा नको, त्याच पानाचा द्यावा. आणि पान केव्हां पाहिलें ती तारीखही लिहावी, कारण अशीं पानें बदलतात. शिवाय उताऱ्याचे पहिले चार शब्द जसेचे तसे द्यावे, म्हणजे दुवा तुटला तरी शोध घेतां येतो.

हे श्रम दोन मिनिटांचे आहेत. पण ज्यास आपलें म्हणणें पडताळून पाहूं देण्याची भीति नाहीं, तोच ते आनंदानें करितो.